खुराड्याचं कुलूप

माझ्या मावशीचे यजमान कुलूपवाले होते. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं, इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की काकांना पाठ भिंतीला लावून उभं राहावं लागे. भिंतीवर वरपासून खालपर्यंत कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, पुढे कानशी आणि किल्ल्या कापायचं यंत्र, आणि एका खिळ्याला काकांचा डबा. तीस वर्षं त्यांनी त्या जागेत उभं राहून लोकांची दारं, कपाटं, पेट्या आणि एकदा एका वकिलाची बायको अडकलेलं न्हाणीघर उघडून दिलं होतं. बोलणं मात्र बेताचं. "कुलपाला एकच तोंड असतं आणि तेही किल्लीपुरतंच उघडतं. ह्यांचं तसंच आहे," असं मावशी म्हणायची. ती स्वतः दोघांच्या वाटणीचं बोलत असल्यामुळे घरात कधी शांतता जाणवली नाही.

मावशी इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीतून निवृत्त झाली होती. सगळं आयुष्य चादरी, अभ्रे आणि टॉवेल यांच्यावर हुकमत गाजवल्यावर घरी बसून दोन माणसांचे चार टॉवेल सांभाळणं तिला जमेना. म्हणून तिने कोंबड्या आणल्या. परसात एक जुनी कोळशाची खोली होती, माणूस उभा राहील एवढी. तिच्या खिडकीला जाळी मारली, आत बसायला दांड्या लावल्या, खाली पेंढा पसरला आणि सात कोंबड्यांचा संसार थाटून दिला.

त्या सातही जणींना तिने नावं ठेवली होती, दोन्ही अर्थांनी. सगळ्यांत मोठी ती हेडबाई. अंडी लपवून ठेवणारी ती खजिनदारीण. एकमेकींच्या डोक्यावर चोची मारत एकाच दांडीवर झोपणाऱ्या दोघी जावा. कुंपणावर चढणारी उनाड. चार वर्षं होऊनही जिला बाकीच्यांनी आपली म्हटलं नव्हतं ती नवी. आणि एक लहानखुरी तपकिरी, जिने कधी आवाजच केला नाही, ती मुकी. काकांना यांतली एकही ओळखता येत नसे. त्यांच्या लेखी त्या सगळ्या मिळून 'तुझ्या त्या' होत्या. कोंबडीविरुद्ध त्यांचं काही नव्हतं, पण जी वस्तू उघडून आत काय बिघडलंय ते बघता येत नाही तिच्या वाटेला जाऊ नये, असं त्यांचं धोरण होतं.

त्या वर्षी थंडी लवकर आली आणि मुक्कामाला आल्यासारखी राहिली. परसातला नळ सकाळी नऊपर्यंत गोठलेला असे. कोंबड्यांच्या पाण्यावर बर्फाची चकती धरायची, ती मावशी लाटण्याने फोडायची. कोंबड्यांनी पिसं गाळली होती, आणि अर्ध्या उघड्या मानांनी त्या एखाद्या नातलगाशी भांडून आल्यासारख्या कोपऱ्यात बसून असत. अंडी जवळजवळ बंदच झाली होती. काकांनी एकदा विचारलं होतं की अंडीच नाहीत तर यांचा उपयोग काय. मावशीने त्यांना शांतपणे विचारलं की दुकानात गिऱ्हाईक नसतं त्या दिवशी तुमचा उपयोग काय. त्यानंतर हा विषय निघाला नाही.

एका सकाळी मावशी गरम पाण्यात भिजवलेल्या कण्यांची बादली घेऊन परसात गेली आणि बर्फावरून तिचा पाय घसरला. बादली उडाली, मावशी पडली, आणि काका धावत येईपर्यंत कोंबड्यांनी तिच्या अंगावर सांडलेल्या कण्या वेचायला घेतल्या होत्या. पायाचा घोटा मोडला होता. प्लास्टर घातलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की सहा आठवडे पाय जमिनीला लागता कामा नये.

मावशीची खाट परसाकडच्या खिडकीशी हलवली. तिथून खुराडं समोरच दिसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आपला काळा कोट घालून बादली घेऊन निघाले, तेव्हा मावशीने खिडकी चार बोटं उघडून सूचना द्यायला सुरुवात केली. आधी पाणी, मग खाणं, मग पेंढा हलवायचा, आणि हेडबाईला पहिला घास, नाहीतर ती रुसते. काकांनी दार उघडलं. आत एकदम ओरडा झाला. सातही जणी एकावर एक चढून मागच्या भिंतीला चिकटल्या. काका बादली पुढे करून उभे. पंधरा मिनिटं कोणी हललं नाही. मग हेडबाई पुढे आली, तिने काकांकडे एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिलं, आणि त्यांच्या पोटरीला अशी चोच मारली की पँटला भोक पडलं.

तीन दिवस हेच चाललं. कोंबड्या खाईनात, पाणी पिईनात, आणि मावशी खाटेवर पडल्या पडल्या त्यांच्याबरोबर वाळत चालली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला सुचलं. "कोंबड्या माणसाला नाही ओळखत, कपड्याला ओळखतात," ती म्हणाली. "माझा कोट घालून जा."

मावशीचा कोट म्हणजे लाल-हिरव्या चौकड्यांचा, गुडघ्याखाली येणारा, मोठ्या बटणांचा. त्याबरोबर ती जांभळी लोकरीची टोपी घालायची. टोपी तिने स्वतः विणली होती आणि वर लोकरीचा गोंडा होता. काकांनी नकार द्यायला तोंड उघडलं, पण नकारासाठी लागणारे शब्द त्यांच्याकडे कधीच पुरेसे नसत. दुसऱ्या दिवशी पुरतं उजाडायच्या आत ते चौकड्यांचा कोट आणि गोंड्याची टोपी घालून परसात उतरले. त्यांनी दार उघडलं, आणि सातही कोंबड्या माहेरचं माणूस दिसल्यासारख्या त्यांच्या पायाशी येऊन पडल्या.

मावशी खिडकीत इतकी हसली की प्लास्टरमधला पाय दुखायला लागला. काका मात्र हसले नाहीत. ते नंतर म्हणाले की कोणी आपल्याकडे असं धावत आल्याची त्यांना सवय नव्हती. गिऱ्हाईक धावत येतं, पण ते दाराबाहेर अडकलेलं असतं म्हणून.

शेजारी एक निवृत्त टपालमास्तरीण बाई राहायच्या. थंडीत चष्म्यावर वाफ धरते म्हणून त्या सकाळी चष्मा लावत नसत, पण म्हणून खिडकीत उभं राहणं सोडलं होतं असं नाही. चौकड्यांचा कोट परसात फिरताना त्यांनी पाहिला आणि हात हलवला. काकांची पाचावर धारण बसली. पण हात न हलवावा तर बाई बोलायला येतील, म्हणून त्यांनीही हात हलवला. रोजच मग हे व्हायला लागलं. आठवडाभरात सगळ्या गल्लीला कळलं की बिचारी बाई मोडक्या पायाने भल्या थंडीत कोंबड्यांना खायला घालते आणि नवरा तोवर पांघरुणात असतो.

लोक भेटायला यायला लागले. कोणी सूप आणलं, कोणी पायाखाली घ्यायला उशी. जाताना प्रत्येकजण काकांकडे असं बघे की काका दारामागे जात. मावशीने खरं सांगायचं ठरवलं होतं, पण काकांनी तिला हात जोडले. टोपीबद्दल कोणाला कळलं तर दुकान बंद करावं लागेल, असं ते म्हणाले. लग्नानंतर त्यांनी एका दमात बोललेलं ते बहुधा सर्वांत लांब वाक्य होतं, म्हणून मावशी गप्प राहिली. शिवाय सूप चांगलं होतं.

मग एका सकाळी खुराड्याचं दार उघडं सापडलं. दाराला कुलूप नव्हतंच. एक लाकडी खिटी होती, ती फिरवली की दार अडायचं. ती ढिली झाली आहे, बदलून द्या, असं मावशी सहा वर्षं सांगत होती. रात्री कुठलंतरी जनावर, रानमांजर असेल किंवा कोल्हा, ती खिटी ढकलून आत गेलं होतं. कोंबड्या सगळ्या वरच्या दांडीवर चढून वाचल्या, एक मुकी सोडून. ती कोपऱ्यात पेंढ्यात दडली होती. तिची शेपटी गेली होती आणि पाठीवर जखम होती. ओरडली असती तर घरात ऐकू आलं असतं, पण ती मुकीच.

मावशी त्या दिवशी पहिल्यांदाच काही बोलली नाही. संध्याकाळी फक्त एवढं म्हणाली, "सगळ्या गावाला कुलपं, आणि आपल्या घराला खिटी."

काकांना हे लागलं. त्यांनी मुकीला खोक्यात घालून स्वयंपाकघरात शेगडीपाशी ठेवलं, जखमेला मलम लावलं, आणि ती हातातून खाते का ते बघत रात्री जेवायचं विसरले. मग पुढचे चार दिवस ते दुकानात उशिरापर्यंत बसून काहीतरी घडवत होते. रविवारी त्यांनी ते आणून बसवलं.

तसं कुलूप मी तरी पाहिलेलं नाही. पोलादी पेटी, आत एकीखाली एक सहा पट्ट्या, दोन जाड अडसर, एक वर जाणारा आणि एक बाजूला. दाराला स्प्रिंग, म्हणजे हातात बादली असली तरी दार आपोआप लागावं. बिजागऱ्या आतल्या बाजूने. दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला आणि खिडकीला नवी जाळी, करंगळीसुद्धा आत जाणार नाही इतकी बारीक. उंबऱ्याला लोखंडी पट्टी, म्हणजे फट नको. किल्ली पितळेची, जुन्या पद्धतीची, मुठीत धरायला गोल मोठ्या कडीची. मावशीने विचारलं की हे आतून कसं उघडायचं. काकांनी तिच्याकडे दयेने पाहिलं आणि सांगितलं की कोंबड्यांना आतून दार उघडायचं काही कारण नसतं.

काका आत गेले की दार उघडं राहावं म्हणून त्याला विटेचा टेकू लावत. बुधवारी सकाळी ती वीट जमिनीला गोठून बसली होती. त्यांनी तिला लाथ मारली, ती हलली नाही, म्हणून त्यांनी दाराला कण्यांची बादली लावली आणि पेंढा हलवायला आत गेले. बादलीत कण्या होत्या, आणि खुराड्यात सहा भुकेल्या कोंबड्या. उनाडने बादलीच्या काठावर उडी मारली, मागोमाग दोघी जावांनी मारली. बादली गडगडत बाहेर गेली, तिघी तिच्यामागे गेल्या, आणि दार लागलं. खट् असा आवाज आला. तो इतका सुरेख होता, दोन्ही अडसर एकाच वेळी बसल्याचा, की क्षणभर काकांना बरंच वाटलं.

मग त्यांना कळलं.

किल्ली त्यांच्या हातातच होती. किल्लीचं भोक दाराच्या बाहेरच्या बाजूला होतं. त्यांनी किल्ली जाळीतून बाहेर द्यायचा प्रयत्न केला. दात गेले, कडी अडकली. उंबऱ्याखालून सरकवून पाहिली, पण फट नव्हती. त्यांनीच ठेवली नव्हती. दुसरी किल्ली अजून कापली नव्हती. सगळ्या गिऱ्हाइकांना ते सांगत की किल्ल्या नेहमी दोन करा.

मावशीने खिडकी उघडली. तिने सगळं पाहिलं होतं. ती काही बोलणार तेवढ्यात काकांच्या पँटच्या खिशात फोन वाजला. इतक्या वर्षांची सवय, त्यांनी फोन कानाला लावला आणि म्हणाले, "बोला, कुलूपवाले."

फोनवर शेजारच्या टपालमास्तरीण बाई होत्या. त्या आपल्या खिडकीतून बघत होत्या. मावशी पडल्यापासून त्यांनी बर्फावर पाऊल ठेवायचं सोडलं होतं, म्हणून त्यांनी दुकानाच्या कार्डावरचा नंबर शोधून काढला होता. "अहो, तुमच्या मिसेस खुराड्यात अडकल्या आहेत," त्या म्हणाल्या. "दार ठोठावतायत बिचाऱ्या. लगेच या."

काकांनी जाळीतून पाहिलं. समोरच्या खिडकीत बाई फोन कानाला लावून उभ्या होत्या.

"मी इथंच आहे," काका म्हणाले.

"इथंच म्हणजे दुकानात ना? मग निघा की."

काकांपुढे दोन वाटा होत्या. खरं सांगावं, तर गोंड्याच्या टोपीसकट सांगावं लागणार. ते "येतो" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर मावशीने त्यांना फोन केला. दोघं एकमेकांना दिसत होते, पण खिडकी उघडून ओरडावं तर शेजारी ऐकू गेलं असतं. मावशीचं म्हणणं एकच होतं, की दुसऱ्या कुलूपवाल्याला बोलवावं. काकांनी फोन कापला.

दुसरा कुलूपवाला म्हणजे पलीकडचा. काकांच्या दुकानाच्या बरोबर समोर रस्त्याच्या पलीकडे त्याचं दुकान होतं. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले, एका ताटात जेवले. पुढे पलीकडच्यानेही दुकान काढलं, आणि अकरा वर्षांपूर्वी पाटी नवी करताना तिच्यावर 'सर्वांत जुने कुलूपवाले' असं रंगवलं. काकांचं दुकान त्याच्या आधी दोन वर्षांचं. काकांनी त्याबद्दल त्याला एक शब्द विचारला नाही, आणि पुढची अकरा वर्षं दुसराही शब्द बोलले नाहीत. रोज सकाळी दोघं समोरासमोर फळ्या उघडत आणि आभाळाकडे बघत.

काकांनी तासभर खटपट केली. एका तारेच्या तुकड्याने बिजागरीचे स्क्रू फिरवून पाहिले, पण ते त्यांनीच ठोकून बोथट केले होते, कोणाला फिरवता येऊ नयेत म्हणून. बोटं बधिर झाली. मग ते उलट्या खोक्यावर बसले. हेडबाई, खजिनदारीण आणि नवी या आत राहिल्या होत्या. थोड्या वेळाने हेडबाई येऊन त्यांच्या पायावर बसली. मग खजिनदारीण कोटाच्या टोकाखाली शिरली. नवी जरा दूर उभी राहून बघत होती, तिला काकांनी उचलून मांडीवर घेतलं. कोंबडीच्या अंगाला इतकी ऊब असते हे त्यांना माहीत नव्हतं. मावशीच्या सांगण्याप्रमाणे, तिने खिडकीतून पाहिलं तेव्हा ते नवीशी बोलत होते. काय बोलत होते ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

तोपर्यंत मावशीने पलीकडच्याला फोन केला होता. त्याला एवढंच सांगितलं की परसातल्या खोलीत माणूस अडकलंय, मागच्या फाटकाने या.

पलीकडचा आला. धिप्पाड माणूस, खांद्याला पिशवी. तो बाजारात बडबड्या म्हणून प्रसिद्ध होता. दारापाशी येऊन त्याने जाळीतून आत पाहिलं. आत चौकड्यांचा बायकी कोट, जांभळी टोपी, तिच्यावर गोंडा, मांडीवर कोंबडी, आणि या सगळ्याच्या मध्ये त्याचा अकरा वर्षांचा अबोला.

 त्याने पिशवी खाली ठेवली, गुडघ्यावर बसला आणि कुलपात दिवा मारून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

काका आत बसून ऐकत होते. बाहेरून कुलूप उघडायचा तारेचा आकडा आत गेला की कुठल्या पट्टीला लागला ते त्यांना आवाजावरून कळे. पहिली उचलली, दुसरी उचलली, तिसरीला हात लावला की पहिल्या दोन्ही खाली. पुन्हा पहिली. पुन्हा दुसरी. काकांचे पाय बर्फ झाले होते, आणि बाहेर निघावं असं त्यांना फार वाटत होतं. पण प्रत्येक वेळी तिसरीला पट्ट्या पडल्या की त्यांच्या तोंडावर समाधान पसरे. मावशीने ते खिडकीतून पाहिलं आणि मनातल्या मनात दोघांनाही शिव्या घातल्या.

पाऊण तासाने पलीकडच्याने आकडा खाली ठेवला. मावशीने खिडकीतून त्याला सांगितलं की जाळी कापा आणि मोकळे व्हा. त्यावर तो तिच्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, जाळी कापायची तर लोहार बोलवा. मी कुलूपवाला आहे." आतून काकांनी मान डोलावली.

मग तो पुन्हा जाळीशी आला. "तिसरीला खोटी खाच ठेवलीयस," तो म्हणाला.

"हो," काका म्हणाले.

"उस्तादांनी दाखवली होती ती?"

"नाही. ती माझी."

पलीकडच्याने पुन्हा एकदा कुलपात दिवा मारून पाहिलं. "हे मला उघडणार नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "किल्ली आहे?"

काकांनी किल्ली दाखवली. ती जाळीजवळ धरली, दात बाहेरच्या बाजूला करून. पलीकडच्याने डोळे बारीक केले, पिशवीतून कोरी किल्ली काढली, कुंपणाच्या खांबाला छोटा लोखंडी शिकंजा आवळला, त्याच्या जबड्यात किल्ली धरली आणि कानस चालवायला लागला. किल्ली नुसती बघून दुसरी घडवणं ही या धंद्यातली सगळ्यांत अवघड गोष्ट. पुढचा अर्धा तास परसात कानशीचा आवाज आणि मधूनमधून काकांचे शब्द एवढंच होतं. दुसरा दात अजून केसभर. नाही, जास्त नको. चौथा तिरका आहे, सरळ नको घेऊस. पलीकडचा किल्ली आणून जाळीशी धरे, काका आपली शेजारी धरत, दोघं चार बोटांवरून एकमेकांच्या श्वासात किल्ल्या बघत, आणि तो पुन्हा खांबाकडे जाई. बाहेर राहिलेल्या तिन्ही कोंबड्या पितळेचा चुरा धान्य समजून टिपायला गेल्या, तेव्हा काका आतून ओरडले की तो त्यांना खाऊ देऊ नकोस, पोटात जाईल. पलीकडच्याने एका हाताने कानस चालवत पायाने कोंबड्या हाकलल्या. उनाड त्याच्या बुटावर चढून बसली, तिला त्याने बसू दिलं.

चौथ्या वेळी किल्ली फिरली. दार उघडलं. काका बाहेर आले, कोटाला पेंढा लागलेला, आणि दोघं समोरासमोर उभे राहिले. काकांना वाटलं की आता हा हसेल. पलीकडच्याने नवी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "दुसरी किल्ली झाली तुझी. दोन असाव्यात."

मग तो स्वयंपाकघरात बसून तीन कप चहा प्यायला. त्याने मावशीला पायाबद्दल विचारलं, शेगडीपाशी खोक्यात बसलेल्या मुकीला बघून तिच्याबद्दल विचारलं, आणि काका तिच्याबद्दल दहा मिनिटं सलग बोलले. मावशी म्हणते की तिला वाटलं थंडी डोक्यात गेली.

पलीकडच्याने बाजारात अवाक्षर काढलं नाही. बडबड्या माणूस, पण ही गोष्ट त्याने पोटात ठेवली. गोष्ट पसरली ती शेजारून. टपालमास्तरीण बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी, चष्म्याशिवाय, पाहिलं होतं की मोडक्या पायाची बाई तीन तास थंडीत खुराड्यात अडकून पडली, त्यांनी स्वतः तिच्या नवऱ्याला फोन केला, तो "येतो" म्हणाला आणि फिरकलाही नाही. शेवटी अकरा वर्षं ज्याच्याशी बोलणं नाही अशा परक्या माणसाला दया आली. नवऱ्याचा धंदा काय, तर कुलपं उघडण्याचा.

त्या आठवड्यात काकांच्या दुकानात कोणी फारसं फिरकलं नाही. आलेल्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने किल्ली घेता घेता त्यांना सांगितलं की बायको ही देवाने दिलेली वस्तू असते, तिला जपावं. काकांनी मान खाली घालून किल्ली कापली. इकडे आड, तिकडे विहीर. निर्दय नवरा म्हणून राहावं, की गोंड्याची टोपी घालणारा कुलूपवाला म्हणून. त्यांनी रात्रभर विचार केला आणि निर्दय नवरा व्हायचं ठरवलं. मावशीने त्यांना बजावलं की कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. काका म्हणाले की आपल्याकडे कोंबडं नाहीच, सगळ्या कोंबड्याच आहेत. तीस वर्षांत त्यांनी केलेला हा पहिला विनोद, आणि तो कळायला मावशीला दुपार झाली.

खरी गोष्ट मला मावशीने सांगितली, काका समोर बसलेले असताना. त्यांनी ती नाकारली नाही. फक्त पट्ट्या पाच नाहीत, सहा होत्या, एवढी दुरुस्ती केली.

प्लास्टर निघालं तेव्हा दिवस जरा मोठे झाले होते. मावशी काठी घेऊन परसात गेली, खुराड्यासमोर खुर्ची टाकून बसली, आणि तिने जाहीर केलं की डॉक्टरांनी अजून महिनाभर वाकायला मना केलंय. डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नव्हतं, मी बरोबर होते.  काकांनी बादली उचलली.

पलीकडचा पुढच्या रविवारी पुन्हा आला, आणि त्याच्या पुढच्याही. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी दूर होती. तो येऊन उलट्या बादलीवर बसायचा आणि कोंबड्यांकडे बघायचा. तिसऱ्या रविवारी त्याने आढेवेढे घेत विचारलं की सुरुवातीला किती कोंबड्या ठेवाव्यात. मावशी म्हणाली चार. काका म्हणाले तीन, चौथी लागलीच तर नंतर.

त्याने दुकानामागच्या अंगणात तीन ठेवल्या. आता सकाळी अकराच्या सुमारास कधीकधी काका दुकानाची अर्धी फळी लावतात आणि रस्ता ओलांडून जातात. पलीकडच्याची एक कोंबडी खुडूक बसलीय आणि ती कोणाला जवळ येऊ देत नाही. तिला कसं उठवायचं यावर दोघांचं एकमत नाही. काकांचं म्हणणं, तिला बसू द्यावं. पलीकडच्याचं म्हणणं, अंडी नसताना बसून काय करणार. गेल्या आठवड्यात मी तिथून जात होते तेव्हा दोन्ही दुकानांसमोर गिऱ्हाइकं ताटकळत होती, आणि पलीकडच्याच्या अंगणातून काकांचा आवाज येत होता. ते कोणालातरी काहीतरी समजावून सांगत होते, बरंच लांबण लावून.